उत्तर भिंतीवरचा नळ

परभणीत संगणकासमोर बसून पत्र्याच्या नळांचे आराखडे काढणारी पहिली बाई मीच, असं मी पंचविसाव्या वर्षी ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी मोजदादही केली नव्हती. पण केली असती तर माझाच नंबर लागला असता, याची खात्री इतकी, की रस्त्यानं मी मान वर करूनच चालायचे. त्यापायी वसमत रोडवर दोनदा शेणात पाय भरला, ते वेगळं.

आता या वयात त्या पोरीकडे बघितलं की वाटतं, हिच्या डोक्यात एक टपली मारावी आणि मग हिला चहा पाजावा. दोन्हीची तिला गरज होती.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब, म्हणजे आईपुढे एक बोलायचा आणि माझ्यापुढे दुसरं. मी औरंगाबादेला आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकलेली. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघायचे, बंद व्हायचे आणि एसट्या जागच्या जागी उभ्या राहायच्या, ते दिवस. कामावर जायचं म्हटलं की सासूबाईंना बंदचं चांगलंच निमित्त मिळायचं. "आज जाऊ नको" हे त्या बंद नसलेल्या दिवशीही म्हणायच्या.

मी ज्या कारखान्यात होते तिथं पत्र्याचं सगळं व्हायचं. धान्याच्या कोठ्या, कूलरच्या पेट्या, छपराच्या पन्हाळ्या, आणि जिनिंगवाल्यांना लागणारे हवेचे चौकोनी नळ. मालक पुण्याला एका लग्नाला गेले आणि येताना संगणक घेऊन आले. त्यासाठी काचेची खोली झाली, पडदा लागला, चपला बाहेर काढायचा नियम झाला. दर गुरुवारी त्या यंत्राला उदबत्ती ओवाळायचे. आत बसायला एक शिकलेलं माणूस हवं होतं आणि माझ्याइतक्या कमी पगारात दुसरं कुणी मिळालं नाही. मी मात्र समजत होते की माझी निवड झाली.

त्या यंत्रातला कार्यक्रम खरंच अजब होता. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांनी आधी अख्खी इमारत उभी करायची. भिंती, खिडक्या, छप्पर तोलून धरणाऱ्या लोखंडी कैच्या. मग त्या इमारतीतून आपला नळ न्यायचा. इमारत फिरवून मागून-पुढून बघता यायची, फक्त एकदा फिरवली की ती फिरेपर्यंत एक कप चहा पिऊन व्हायचा. शेवटी नळाचा एकेक तुकडा उलगडून सपाट पत्र्यावर कसा दिसेल ते कागदावर यायचं. खोक्याच्या घड्या उघडल्यावर पुठ्ठा दिसतो ना, तसं. त्या कागदाबरहुकूम पत्रा कापायचा, घड्या घालायच्या, शिवणी ठोकायच्या, की नळ तयार.

कापणारे आमचे उस्ताद होते. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, हातात लाकडी मोगरी. माझ्या जन्माआधीपासून ते जमिनीवर उकिडवे बसून दोरी, खडू आणि काटकोन मापायचा गुण्या घेऊन पत्र्यावर रेघा मारत आलेले. माझा पहिला आराखडा त्यांनी लांब धरून बघितला, मग जवळ धरून बघितला.

"अच्छा हाय," म्हणाले. "रेघा सीध्या हायेत."

याला मी कौतुक समजले.

त्या वर्षी मानवतच्या एका जिनिंगचं काम आलं. तिथं लांबच लांब हॉल. मधोमध रेच्यांची रांग. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. त्यावर बाया बसून कापूस घालतात आणि दिवसभर तूस उडतं. नाकातोंडात, केसांत, भाकरीत. ते तूस आणि धूळ ओढून बाहेर टाकायला पंखा बसवायचा होता आणि पंख्यापासून सगळ्या रेच्यांपर्यंत नळ न्यायचा होता. सीझनच्या मुहूर्ताआधी.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई गहू निवडत होत्या.

"ह्ये काम जमलं तर बगू," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "न्हाई जमलं तर दिवाळीपसून घरी बसायचं. लय झालं भटकनं. चारचौघात लोक इचारायलेत मला, सूनबाई काय करतात मनून. काय सांगू? नळ काढती मनू?"

नवऱ्यानं होकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे बघून नकारार्थी हलवली.

म्हणजे नोकरी टिकायची की पोळपाट-लाटणं, हे मानवतच्या नळावर आलं. मला काळजी नव्हती. नळ माझ्या यंत्रात होता आणि यंत्र चुकत नसतं.

भादव्यात मी माप घ्यायला गेले. जिनिंग बंद, हॉल रिकामा, वर पारवे. टेपचं दुसरं टोक धरायला तिथला म्हातारा वॉचमन. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीला ओळीनं खिडक्या, दक्षिणेची भिंत आंधळी. मी उत्तरेच्या बाजूनं वर बघत चालले आणि मला लागलाच शोध! प्रत्येक कैचीच्या खालच्या पट्टीवर एकाच जागी वीतभर लोखंड घासून चकचकीत झालेलं. बाकी सगळीकडे गंज आणि तुसाचे थर, तेवढीच जागा लख्ख. एकीला दोराचा तुकडाही लोंबत होता.

मी मनात म्हटलं, वा! इथं पूर्वी काहीतरी टांगलेलं असणार. म्हणजे भार सोसलेली, पारखलेली जागा. नळ टांगायला याहून चांगली कुठली?

वॉचमन म्हणाला, "ताई, तिथं बाया..."

"मामा, टेप ढिली सोडू नका," मी म्हटलं. "एक इंच चुकला तर सगळं चुकेल."

त्यानं टेप ताणून धरली. तोंडही मिटून घेतलं.

आठवडाभर मी इमारत उभी केली. अकरा कैच्या, अकरा चकचकीत जागा, तिथं अकरा लोखंडी क्लॅम्प. पंखा पश्चिमेच्या भिंतीत मधोमध. तिथून नळ वळसा घेऊन उत्तरेच्या भिंतीला जातो, भिंतीभिंतीनं पळतो, आणि प्रत्येक रेच्याकडे एकेक फाटा सोडतो. इतकं देखणं दिसत होतं की मी ते चार वेळा फिरवून बघितलं, म्हणजे चार कप चहा. त्या इमारतीत भिंती होत्या, खिडक्या होत्या, रेचे होते. रेच्यावर बसणारी बाई एकही नव्हती. कार्यक्रमात बाई काढायची सोय नव्हती, आणि असती तरी मी काढली असती असं नाही.

उस्तादांनी कागद बघितला. या वेळी बराच वेळ.

"बेटी, हॉल सीझनमंदी बघितला का?"

"उस्ताद, भिंती सीझनमध्ये सरकत नाहीत."

"भिंती न्हाई सरकत," ते म्हणाले, आणि खडू उचलला.

त्यांच्याशी माझं भांडण निराळ्याच गोष्टीवरून झालं. त्यांचा रिवाज असा की पत्रा परभणीत कापायचा, पण घड्या जागेवर जाऊन घालायच्या. मला हे गावंढळ वाटलं. आराखड्यात नळ पूर्ण दिसतो, तर कारखान्यातून पूर्णच निघाला पाहिजे. मी मालकांकडे तक्रार केली. मालकांनी उस्तादांना बोलावलं.

"घडी घातलेला नळ मंजे आत काय असतं?" उस्तादांनी मालकांना विचारलं. "हवा. आता मानवतमंदी हवा न्हाई का, मनून परभणीची हवा टेंपोत भरून न्यायची?"

मालक इतके हसले की माझी तक्रार टेबलावरून खाली पडली. पत्रे सपाटच जाणार असं ठरलं. मी दोन दिवस उस्तादांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

मुहूर्ताच्या चार दिवस आधी आमच्या पोरांनी जाऊन क्लॅम्प ठोकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी मानवतला उतरले. हातात गुंडाळलेला आराखडा, अंगावर बरी साडी, कारण दुपारी मालक येणार होते. हॉलची साफसफाई करायला बाया आल्या होत्या. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि वर बघितलं.

माझ्या क्लॅम्पांना लेकरं टांगली होती.

अकरा क्लॅम्प, नऊ झोळ्या. जुन्या लुगड्यांच्या, खिडकीच्या वाऱ्यावर हलणाऱ्या. एका झोळीतून एक इवला पाय बाहेर आलेला. माझ्या आराखड्यावर क्लॅम्पच्या अकरा फुल्या होत्या, त्यातल्या नऊंखाली एकेक बाळ निजलं होतं. कैच्यांवरचं लोखंड इतकी वर्षं कशानं घासलं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि माझ्या हातातला कागद आपोआप पाठीमागे गेला.

पन्नाशीची एक बाई झाडू टाकून माझ्याकडे आली. मुकादमीन. उंच, आवाज हॉलभर जाणारा.

"तुमीच का त्या परभणीच्या बाई? कड्या बसवनाऱ्या?"

मी मान हलवली.

"लय बेस काम केलं बगा!" तिनं माझे दोन्ही हात धरले. "दर साली दोर घासून तुटायचा. मागल्या साली माझ्या भाचीचं लेकरू खाली आलं, खाली कापूस व्हता मनून वाचलं. किती डाव सांगितलं, कुनी ध्यान दिलं न्हाई. बाईचं दुख बाईलाच कळतं. अगं ए, या हिकडं, ह्याच त्या!"

आणि बाया आल्या. एकीनं माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. एकीनं पदराच्या गाठीतला फुटाणा-गूळ माझ्या हातावर ठेवला.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी तो गूळ खाल्ला. "नाही हो, त्यात काय एवढं," असंही म्हटलं. मला आशीर्वाद मिळत होते आणि मी ते उभी राहून घेत होते. अर्धा तास मी मानवतच्या बायांची कैवारी होते. आयुष्यात तितकं मोठं माणूस मी पुन्हा झाले नाही.

मग टेंपो आला. उस्ताद उतरले, हॉलमध्ये आले, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडातल्या गुळाकडेही बघितलं.

"उस्ताद," मी हळूच म्हटलं, "तुम्ही सांगा ना यांना. झोळ्या काढा म्हणून."

"मी कामून? नकाशा कुनाचा हाय?"

मग मीच सांगितलं. आधी खाकरले, मग कागद उघडला, मग बोट दाखवून बोलले की या कड्या खरं तर नळासाठी आहेत, नळ इथून जाणार, तर लेकरं जरा समोरच्या भिंतीकडे...

हॉलमध्ये झाडू थांबले. मुकादमीननं कागद उलटा-सुलटा बघितला.

"ह्यो नळ कशापायी?"

"तूस ओढायला. तुम्हाला त्रास होतो ना तुसाचा."

"आन लेकरं त्या आंधळ्या भितीला टांगायची. जितं खिडकी न्हाई, वारा न्हाई, समदं तूस जाऊन बसतं तितं." तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमाला लेकरू हाय का, बाई?"

"नाही."

"तरी मनलं." ती वळली. "अगं, खाल्लेला गूळ परत घिऊ नका गं तिचा. राहू द्या, पोर हाय."

बाया हसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर असतं. एकजण म्हणाली, "नळच सरकवा की पलीकडं. नळाला खिडकी लागती व्हय? रातचा रडतो का त्यो?" पुन्हा हशा. झोळीतलं एक पोर उठून रडायला लागलं आणि त्याची आई मला सांगून गेली, "बगा, तुमच्यामुळं."

मी बाहेर पाण्याच्या हौदाशी जाऊन बसले. नळ दक्षिणेच्या भिंतीला नेता येत होता, पंखा मधोमध असल्यामुळे अंतर सारखंच. सरळ तुकडे कुठंही चालले असते. पण वळणांचे आणि फाट्यांचे सगळे तुकडे डाव्या हाताला वळणारे कापले होते. दक्षिणेला न्यायचं तर ते उजव्या हाताला वळायला हवेत. म्हणजे यंत्रावर सगळं नव्यानं काढायचं, चार दिवस. नवा पत्रा कापायचा, आणखी दोन. मुहूर्ताला उरले होते तीन. मालक दुपारी येणार, काम गेलं. दिवाळीपासून घरी. मी पदर तोंडाला लावून रडले. त्यातही एक डोळा फाटकाकडे, मालकांची स्कूटर दिसते का म्हणून.

उस्ताद शेजारी येऊन उकिडवे बसले. विडी काढली.

"काय झालं?"

मी डावं-उजवं सगळं समजावून सांगितलं. आकडे सांगितले. चार अधिक दोन सांगितलं.

त्यांनी विडी संपेपर्यंत ऐकलं. मग उठले आणि टेंपोतून वळणाचा एक सपाट पत्रा ओढून काढला. घडीच्या रेघांच्या टोकांना खिळा लावून मोगरीनं एकेक ठोसा मारला, पत्र्याच्या आरपार खूण उमटेल इतका. मग दोन हातांनी पत्रा उचलून फिरवला आणि पालथा टाकला. वरच्या खुणा आता दुसऱ्या बाजूला दिसत होत्या. गुण्या लावून त्यांनी नव्या रेघा मारल्या आणि घडी घातली.

तुकडा उजवीकडे वळला.

"पत्र्याला उलटी-सुलटी बाजू न्हाई, बेटी," ते म्हणाले. "कपड्याला असती."

मी तो तुकडा हातात घेऊन फिरवला. खरं तर ब्लाऊजच्या दोन बाह्या एकाच कापावरून बेतायला आईनं मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. कापड पालथं टाकलं की डावीची उजवी होते. पण यंत्रासमोर बसले की मी आईचं शिकवलेलं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचे. आणि पत्रे घडी घालून आणायचा माझा हट्ट मालकांनी ऐकला असता, तर हा पत्रा पालथा टाकायला उरलाच नसता.

मालक आले तेव्हा उस्ताद दक्षिणेच्या भिंतीला क्लॅम्प ठोकून घेत होते. नवे क्लॅम्प, जुने उत्तरेला तसेच राहिले, झोळ्यांना. "बाजू बदलली?" मालकांनी विचारलं. मी तोंड उघडलं. उस्ताद वरूनच म्हणाले, "तिकडं लेकरं असतात, साहेब." एवढंच. मालक "बरं" म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

मुहूर्ताला नारळ फुटला, पंखा फिरला आणि रेच्यांवरचं तूस झरझर नळात शिरलं. बायांनी नाकावरचे पदर खाली घेऊन बघितलं. मालक चारचौघांना सांगत होते, "सगळं संगणकावर केलंय बरं का, आमच्या बाईंनी. एक इंच इकडचा तिकडं नाही." उस्ताद पलीकडे हात धूत होते. मी साडीचा पदर सारखा केला. मुकादमीननं मात्र लांबून माझ्याकडे बघून भुवई उडवली, आणि ती भुवई एसटीत परभणीपर्यंत माझ्याबरोबर आली.

घरी सांगायचं भाषण तयार होतं. नळ चालला, मालकांनी कौतुक केलं, आता बोला. सासूबाई ओट्याशी भाजी परतत होत्या.

"जमलं का?"

"जमलं."

"मंग तोंड कामून असं?"

आणि माझं भाषण गेलं. मी पाटावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चकचकीत लोखंड, वॉचमनमामा, टांगलेली लेकरं, गूळ. गुळापाशी आल्यावर सासूबाईंनी झारा खाली ठेवला.

"खाल्लास?"

"हो."

"समदा?"

"थोडाच होता."

त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं रडतायत. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ओट्याला धरून हसायला लागल्या. दोन वर्षांत या बाईंना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. भाजी करपली. "आन ती मुकादमीन काय मनली? पुन्ना सांग. तसंच सांग, तिच्या आवाजात." मी सांगितलं. त्या पुन्हा हसल्या. डोळे पुसले, आणि मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"मला वाटायचं तितं जाऊन तुला शिंगं फुटायलीत. तितं तर तुझी अशी जिरवायलेत व्हय?"

"हो."

"मंग जात जा, बाई," त्या म्हणाल्या. "मला एकटीला ह्ये जमलं नसतं. पर रोज आल्यावर सांगायचं. खरं खरं."

दिवाळीचं काय, असं मी विचारणार होते. पण त्या तोवर मागच्या दारात जाऊन शेजारणीला हाक मारत होत्या, "अगं ये हिकडं, भाजी करपू दे तुझी बी. आमच्या सूनबाईनं काय करून ठिवलंय त्ये ऐक."

शेजारीण हात पुसत आली. मी पाटावर नीट बसले आणि वॉचमनमामापासून सुरुवात केली.